गंगथडीचं म्हणणं

परभणी जिल्ह्यात निसर्ग पाहायला म्हणून बाहेरचं माणूस सहसा येत नाही. इथं थंड हवेचं ठिकाण नाही, समुद्र नाही, अभयारण्याची कमान नाही. उत्तरेला जिंतूरकडे अजिंठ्याच्या रांगेच्या शेवटच्या टेकड्या, दक्षिणेला गंगाखेडकडे बालाघाटाचे उतार, मधे गोदावरी, पूर्णा, दुधना आणि नजर पोचेल तिथवर काळी रानं. राज्यातल्या सर्वांत कमी जंगल असलेल्या जिल्ह्यांत परभणीची गणना होते.

पण मार्गशीर्षात पाथरी-मानवतच्या बाजूला कुणी जावं. शाळू छातीला लागलेला असतो. त्याच्या कडेनं करडई, हरभऱ्याचे हिरवे तुकडे, बांधावर बाभळी. वेचणीला आलेल्या बाया कापसाच्या शेतातून एका ओळीत पुढे सरकत असतात आणि दिवस कलला की शेतातल्या आखाड्या-आखाड्यावर हुरड्याच्या आगट्या पेटतात. हे चित्र दरवर्षी माणसांच्या हातून नव्यानं उभं राहतं. एक वर्ष पेरणी हुकली की ते दिसत नाही. त्यामुळे गावाचं नैसर्गिक सौंदर्य जपायचं कसं, असं इथल्या माणसाला विचारलं तर तो सौंदर्यावर बोलतच नाही. विहिरीचं पाणी, नदीतली वाळू, रस्त्याकडेचे लिंब, गायरान आणि शेतातून जाणारा ओढा यांवर बोलतो. त्याचं म्हणणं ऐकायचं तर याच गोष्टींच्या मागोमाग जावं लागतं.

आधी एक गोष्ट नीट सांगायला हवी. विकास नको, असं या जिल्ह्यात कुणी म्हणत नाही, कारण इथं विकास मागून आणि भांडून आणलेला आहे. निजामाच्या काळात १९०० च्या सुमारास हैदराबाद-गोदावरी खोऱ्याची रेल्वे इथून गेली. त्यानंतर पुष्कळ दिवस नवीन असं फारसं काही आलं नाही. १९४८ मध्ये संस्थान मुक्त झालं, १९६० मध्ये महाराष्ट्र झाला, पण मराठवाड्याचा कृषी विद्यापीठाचा हक्कसुद्धा सहजासहजी मिळाला नाही. आंदोलन झालं, तेव्हा १८ मे १९७२ रोजी परभणीत मराठवाडा कृषी विद्यापीठ उभं राहिलं. दोनच वर्षांत, १९७४ मध्ये, याच विद्यापीठातल्या नोकरभरतीवरून विद्यार्थी रस्त्यावर उतरले. वसमत तेव्हा परभणी जिल्ह्यातच होतं. तिथल्या गोळीबारात विद्यार्थी मारले गेले आणि त्यातून मराठवाडा विकास आंदोलन पेटलं. ‘अनुशेष’ हा शब्द पुढे १९८० च्या दशकात वि. म. दांडेकरांच्या समितीमुळे राज्यभर पोचला, पण इथल्या माणसाला त्याचा अर्थ अहवालाआधीच ठाऊक होता. ज्या घरानं रस्त्यासाठी, पुलासाठी, नोकरीसाठी मोर्चे काढले, ते घर आज नदीबद्दल किंवा झाडांबद्दल काही बोलू लागलं की त्याच्यावर विकासविरोधी असा शिक्का मारला जातो. हा अन्याय आहे. इथल्या लोकांइतकी विकासाची किंमत क्वचितच कुणी मोजली असेल.

त्या किमतीचा एक नमुना परभणी शहराला लागूनच आहे. आज वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठ या नावानं ओळखला जाणारा तो विस्तीर्ण परिसर म्हणजे जिल्ह्यातला सर्वांत हिरवा टापू. पहाटे शहरातली माणसं तिथं फिरायला जातात, मोराचा आवाज ऐकून परततात. ‘परभणी क्रांती’ ही भेंडी, ‘परभणी मोती’ आणि लोह-जस्त अधिक असलेली ‘परभणी शक्ती’ ही ज्वारी याच मातीतून देशभर गेली. पण ही जमीन आसपासच्या गावांतल्या शेतकऱ्यांची होती. विद्यापीठ प्रकल्पग्रस्तांची आंदोलनं पुढे कित्येक वर्षं चालू राहिली, कारण जमीन देणाऱ्या घरातल्या पोरांना नोकरीची आशा होती. सकाळच्या त्या सावलीला अशी जुनी देणी चिकटलेली आहेत.

येलदरीचंही तसंच. जिंतूर तालुक्यात पूर्णा नदीवर १९६८ मध्ये पूर्ण झालेलं हे धरण, साडेबावीस मेगावॅटचं वीजघर आणि मागे पसरलेला जलाशय. जिल्ह्यातलं सर्वांत देखणं ठिकाण कोणतं, असं विचारलं तर निम्मे लोक येलदरीचं नाव घेतील. हिवाळ्यात तिथं दूरदेशीची बदकं उतरतात, पक्षी टिपणारे कॅमेरे घेऊन पोचतात. हे पाणी ज्या शिवारांवर साचलं, तिथली गावं मात्र उठून गेली. म्हणजे ज्याला आज निसर्ग म्हणून जपायचं म्हणतो, तो कालच्या विकासातून घडला आहे. विकास आणि निसर्ग यांची दोन टोकं करून भांडण लावणं या जिल्ह्यात जमत नाही, ते यामुळेच.

तरीही काही गोष्टी एकदा गेल्या की परत येत नाहीत. वाळू त्यातली पहिली.

गोदावरीकाठच्या पट्ट्याला इथं गंगथडी म्हणतात. पाथरी, सोनपेठ, गंगाखेड, पालम, पूर्णा हे तालुके तिच्या काठानं वसलेले. गंगाखेड हे संत जनाबाईंचं गाव. तिथल्या घाटावर अस्थी विसर्जनाला लांबलांबून लोक येतात. धारासूरला तर नदीच्या काठावरच गुप्तेश्वराचं कोरीव मंदिर उभं आहे. पूर्वी पाणी ओसरलं की नदीच्या वाळूत टरबूज-खरबुजाच्या वाड्या पडायच्या. भोई समाजाची घरं उन्हाळाभर त्यावर जगायची. पुढे ढालेगाव, मुदगल, मुळी, डिग्रस असे बंधारे झाले, नदी ठिकठिकाणी अडली, काठावर ऊस आला. वाड्या गेल्या याची हळहळ जुनी माणसं करतात, पण बंधारा पाडा असं त्यांच्यातलंही कुणी म्हणणार नाही. पाणी दिसतंय, ते नातवाच्या शेतात जातंय, हा हिशेब त्यांना पटलेला आहे.

वाळूचा हिशेब पटलेला नाही. नदीतली वाळू पावसाळ्याचं पाणी स्पंजासारखं धरून ठेवते आणि ते उन्हाळ्यात हळूहळू काठच्या विहिरींना देते. वाळू उपसली की तळाची चिकण किंवा खडक उघडा पडतो, पाणी थांबत नाही, पात्र खोल जातं आणि मग काठ ढासळू लागतो. ढासळणारा काठ म्हणजे कुणाचा तरी सातबारा. शिवाय उपशानं झालेले डोह वरून दिसत नाहीत, पोहायला उतरलेलं पोर त्यात जातं. हे सांगायला काठच्या गावांत अभ्यासक लागत नाही. रात्री हायवा कोणत्या रस्त्यानं जातात, तराफे कुठं लपवतात, महसूलचं पथक येण्याआधी फोन कसा फिरतो, हे सगळं गावाला माहीत असतं. पथक तराफे जाळतं, बातमी येते, आठवड्यानं नवे तराफे पाण्यात असतात.

सर्वोच्च न्यायालयानं फेब्रुवारी २०१२ मध्ये दीपक कुमार खटल्यात सांगितलं की लहानशा घाटासाठीही पर्यावरण मंजुरी हवीच. राज्यानं २०२३ मध्ये सरकारी डेपोतून सहाशे रुपये ब्रासनं वाळू द्यायचं धोरण आणलं. ते टिकलं नाही. २०२५ मध्ये पुन्हा नवं धोरण आलं, त्यात घरकुलवाल्यांना पाच ब्रासपर्यंत वाळू मोफत द्यायची तरतूद झाली. गावातल्या मतांचा खरा पेच इथं आहे. नदीकाठच्या वस्तीत पत्र्याखाली राहणाऱ्या बाईचं घरकुल मंजूर झालेलं असतं. पहिला हप्ता जोत्यात संपतो आणि वाळूपायी भिंत अडते. तिनं नदी वाचवा म्हणायचं की वाळू द्या म्हणायचं? ती दोन्ही म्हणते, आणि तिचं बरोबर आहे. पाच ब्रासनं नदी मरत नाही. रात्रभर चालणाऱ्या हायवांनी मरते. दगड फोडून केलेल्या कृत्रिम वाळूचं धोरणही आता राज्यानं आणलंय, पण त्यासाठी जिंतूरकडच्या टेकड्या खडी क्रशरखाली गेल्या तर एका तालुक्याचं दुखणं दुसऱ्या तालुक्यात गेलं, एवढंच होईल.

लिंबांबद्दल थोडक्यातच सांगण्यासारखं आहे, कारण ते बहुतेक गेलेच आहेत. मराठवाड्यातल्या जुन्या रस्त्यांना दुतर्फा लिंब, वड, चिंच होती. उन्हाळ्यात एसटी या सावलीतून जायची. रस्ते रुंद झाले, सिमेंटचे झाले, ते व्हायलाच हवे होते. झाडं तोडली गेली, त्या बदल्यात लावलेल्या रोपांना दुसऱ्या उन्हाळ्यात टँकर पोचला नाही. जिथं रोपं जगली आहेत, तिथं बहुतेक वेळा ग्रामपंचायतीनं किंवा रोजगार हमीवरच्या एखाद्या माणसानं त्यांना पाणी घातलेलं असतं. ठेकेदाराच्या कागदावर जगलेलं झाड आणि रस्त्यावर जगलेलं झाड यांतला फरक रोज त्या रस्त्यानं दुधाच्या किटल्या नेणाऱ्याला बरोबर कळतो. मोजायला त्यालाच का लावत नाहीत?

सध्या मात्र जिल्ह्यात ज्या गोष्टीवरून गावंच्या गावं बोलती झाली, ती म्हणजे नकाशावरची रेघ. एक नव्हे, दोन. जालना ते नांदेड असा समृद्धी महामार्गाला जोडणारा सुमारे १८० किलोमीटरचा द्रुतगती मार्ग, ज्याचा सर्वांत लांब टप्पा परभणी जिल्ह्यातून जातो. आणि शक्तिपीठ महामार्ग. वर्धा जिल्ह्यातल्या पवनारपासून गोव्याच्या सीमेवरच्या पत्रादेवीपर्यंत, मूळ आराखड्यात ८०२ किलोमीटर, १२ जिल्हे, माहूर, तुळजापूर, कोल्हापूर ही देवीस्थानं आणि वाटेत औंढा, परळी, पंढरपूर. मार्च २०२४ मध्ये भूसंपादनाच्या अधिसूचना निघाल्या. जून २०२५ मध्ये मंत्रिमंडळानं जमिनीसाठी वीस हजार कोटींहून अधिक रकमेला मंजुरी दिली आणि १ जुलैला, कृषिदिनीच, विरोधी संघर्ष समितीनं बाराही जिल्ह्यांत रास्ता रोकोची हाक दिली. परभणीतही मोजणीला आलेली पथकं गावकऱ्यांनी परत पाठवली.

या विरोधाकडे बघताना घाई करू नये. सगळ्यांचं म्हणणं एक नाही. ज्याची हलकी, मुरमाड जमीन रेघेत जाते आणि पोरगं पुण्याला कंपनीत लागलंय, त्याला चांगला दर मिळाला तर हवा आहे. समृद्धीच्या वेळी मिळालेला पाचपट मोबदला लोकांनी पाहिला आहे. पुढे राज्यानं महामार्गांसाठीचा गुणांक दोनवरून एकवर आणला, तेव्हा जालना-नांदेडच्या वाटेवरचे शेतकरी समृद्धीसारखाच दर द्या म्हणून आंदोलनाला बसले. त्यांचा वाद दराचा होता, रस्त्याचा नव्हता. ज्यांची जमीन थेट जात नाही, पण चढउताराच्या चौकाजवळ येते, ते मनातल्या मनात धाब्याची जागा ठरवून बसले आहेत. त्यातही गैर काय?

पण ज्याची तीन एकर बागायत, विहीर, आंब्याची दोन झाडं आणि आखाडा मिळून सगळंच रेघेखाली जातं, त्याला कोणता दर सांगणार? दीड-दोन मीटर खोल काळी जमीन पैशानं दुसरीकडे मिळत नाही, कारण ती विकायला काढणारा माणूसच सापडत नाही. आणि ज्याच्या शेताचे दोन तुकडे होऊन एक पलीकडे जातो, त्याला बैलगाडी घेऊन कुठून वळसा घालायचा हा रोजचा प्रश्न. नागपूर-रत्नागिरी राष्ट्रीय महामार्ग जवळपास त्याच दिशेनं आधीच असताना दुसरा कशाला, असंही विरोध करणारे विचारतात. या प्रश्नाला देवीच्या नावानं उत्तर देता येत नाही. औंढ्याला आणि परळीला इथली माणसं पिढ्यान्‌पिढ्या जातात, त्यांची श्रद्धा कुणाहून कमी नाही.

खरं दुखणं मोबदल्याच्याही आधीचं आहे. २०१३ च्या केंद्रीय भूसंपादन कायद्यात जमीन घेण्याआधी सामाजिक परिणामांचा अभ्यास करायचा, गावात येऊन ऐकून घ्यायचं, अशी तरतूद आहे. पण राज्यातले असे रस्ते महाराष्ट्र महामार्ग अधिनियम १९५५ खाली घेतले जातात आणि तिथं ती पायरी येत नाही. आधी अधिसूचना, मग हरकती. म्हणजे रेघ ठरल्यावर बोलायचं. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर अशा ग्रामसभा वर्षात होतात. एवढ्या सभा असताना गावाला आपल्या शिवारातला रस्ता वर्तमानपत्रातल्या गटनंबरांच्या यादीतून कळतो. लोक चिडतात ते या गोष्टीवर.

आणि विचारलं असतं तर गावानं काय सांगितलं असतं? ओढा सांगितला असता. काळी माती पाण्यानं फुगते, वाळली की भेगाळते. पाऊस जोराचा झाला की तिच्यात पाणी मुरायला वेळ लागतो आणि ते उताराला धावतं. सपाट रानात तो उतार नकाशावर दिसत नाही, पण ज्यानं वीस पावसाळे त्या बांधावर काढले त्याला तो पायाखाली कळतो. अशा रानात पुरुषभर उंचीचा भराव आडवा टाकला आणि खालून पुरेशा मोऱ्या ठेवल्या नाहीत, की वरच्या बाजूचं शेत तळं होतं. समृद्धीच्या वाटेवरच्या शेतकऱ्यांनी ही तक्रार केलेली आहे. सप्टेंबर २०२४ च्या पहिल्याच दिवसांत परभणी, हिंगोली, नांदेडमध्ये अतिवृष्टी झाली, सोयाबीन पाण्यात उभं राहिलं. सप्टेंबर २०२५ मध्ये जायकवाडीतून मोठा विसर्ग झाला आणि गोदाकाठ पुन्हा बुडाला. लागोपाठ दोन वर्षं हे भोगलेल्या माणसाला मोरीच्या रुंदीचं महत्त्व समजावून सांगावं लागत नाही.

गायरानाचंही असंच. नकाशावर ती ओसाड सरकारी जमीन. गावात ती गुरांची, भूमिहीनांनी कसून खाल्लेल्या तुकड्यांची, आणि हरणांची. काळविटांचे कळप दिवसा तिथं थांबतात, रात्री शेतात उतरतात. परभणीचा शेतकरी हरणांबद्दल गोड बोलत नाही. कोवळी उगवण एका रात्रीत खुडली गेली की दुबार पेरणीचं बियाणं त्याला विकत घ्यावं लागतं. रोही आणि रानडुकरांचा तर त्याला संताप आहे. तरी गायरानावर सौरऊर्जेचे पट्टे आल्यावर हे प्राणी जाणार कुठं, हेही तोच विचारतो. उत्तर त्याला माहीत आहे. ते त्याच्याच शेतात येणार.

सांभाळायची हिंमत या लोकांत नाही असं कुणी म्हणत असेल तर त्यानं सेलू तालुक्यातल्या वालूरला जावं. जुन्या बारवांचं हे गाव. त्यातली एक गोल फिरत खाली उतरणाऱ्या पायऱ्यांची, अशी रचना महाराष्ट्रात फार थोड्या ठिकाणी असेल. कित्येक वर्षं या बारवा गाळानं, झाडोऱ्यानं आणि गावच्या कचऱ्यानं बुजल्या होत्या. रोहन काळे यांनी २०२० च्या सुमारास सुरू केलेली बारव मोहीम राज्यभर पसरली, त्या लाटेत वालूरकरांनी स्वतः उतरून गाळ काढला. पायऱ्या उघड्या पडल्या, आणि मुख्य म्हणजे पाणी आलं. जिंतूर तालुक्यातल्या चारठाण्याला तर मंदिरं, दीपमाळ आणि पुष्करणी असं अख्खं जुनं वैभव गावात विखुरलेलं आहे, तिथंही जाणती माणसं त्यासाठी झटतात. बारव देखणी आहे म्हणून लोक ती बघायला येतात. पण वालूरच्या माणसाला विचारलं तर पाणी किती फुटांवर आलं ते तो आधी सांगतो, मग दगडाचं कोरीवकाम दाखवतो. हा क्रम महत्त्वाचा आहे. ज्या देखणेपणाचा गावाला उपयोग आहे, तो गाव जपतं. नुसता फलक लावून जपलेलं सौंदर्य फार टिकत नाही.

‘जगात जर्मनी, भारतात परभणी’ ही म्हण इथं पोरासोरांच्या तोंडी असते. थट्टेची सुरुवात कुठून झाली कोण जाणे, पण आता तिच्यात खरा अभिमान आहे. या अभिमानाला रस्ता हवा आहे, कारखाना हवा आहे, पोरांना घराजवळ काम हवं आहे. त्याला काळं रानही हवं आहे.

मार्ग नाही असंही नाही. शेजारच्या बुलढाणा जिल्ह्यात राष्ट्रीय महामार्गांच्या भरावासाठी लागणारी माती आणि मुरूम टेकड्या फोडून आणण्याऐवजी गाळानं भरलेल्या तलावांतून आणि नाल्यांतून काढण्यात आली. रस्त्याला भराव मिळाला, तलाव खोल झाले, सरकारचा खर्च वाचला. नीती आयोगानंही ‘बुलढाणा पॅटर्न’ म्हणून त्याची दखल घेतली. परभणीतून दोन मोठे रस्ते जायचे असतील तर त्यांना लागणारा मुरूम कुठून येणार, हे आजच ठरवायला हवं. जिंतूर आणि गंगाखेडच्या टेकड्यांवरून की गाळानं उथळ झालेल्या पाझर तलावांतून? बांधकाम खात्याकडे भरावाचा आकडा आहे. कोणत्या तलावात किती गाळ आहे, कोणत्या ओढ्यावर मोरी किती रुंद हवी, कोणता वड वाचवायला रस्ता चार हात सरकवता येईल, याची यादी गावांकडे आहे. ही दोन्ही कागदं अजून एका टेबलावर आलेली नाहीत. ती यावीत म्हणून पुढच्या ग्रामसभेत ठराव घ्यायचा, एवढं काम तरी गावांनी हातात घ्यावं, आणि त्या सभेला अभियंत्यानं नकाशा घेऊन बसावं.